कॉलेजचं रियुनियन गळ्यात पडलंय? मुंबईतल्या मुलींच्या कॉलेजसाठी दोन दिवसांचं प्लॅनिंग

व्हॉट्सऍप ग्रुपवर कुणीतरी टाकतं, "अगं किती वर्षं झाली, भेटूया ना एकदा सगळ्या", खाली बदामांचा पाऊस पडतो, आणि मग जिने उत्साहात "हो हो मी बघते" लिहिलेलं असतं तिच्या गळ्यात सगळं पडतं. ती बाई तुम्ही असाल तर हे तुमच्यासाठी आहे. मी आमच्या बॅचचं केलंय, दक्षिण मुंबईतल्या मुलींच्या कॉलेजात, शनिवार-रविवार मिळून, आणि नंतर ज्युनियर बॅचवाल्यांनाही मदत केलीये, त्यामुळे कुठे काय अडतं ते बऱ्यापैकी माहितीये.

एक गोष्ट आधीच सांगते. बायका येतात त्या गप्पा मारायला. घरचं सगळं मार्गी लावून, कुणाला तरी डबा देऊन, कुणाचं तरी औषध काढून ठेवून एक बाई विरारहून नाहीतर बदलापूरहून येते ती स्टेजवरचा गणेशवंदनेचा डान्स बघायला येत नाही. तेव्हा कार्यक्रम ठरवताना प्रत्येक आयटमसमोर लिहा की यामुळे किती वेळ तोंड बंद ठेवावं लागणार, आणि निम्मे आयटम तिथेच कापा.

१. तारीख

सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे, कॉलेजला हॉल रिकामा नसतो. मे महिन्यात लोक गावाला आणि शिवाय तो घाम. जून ते सप्टेंबर पावसाचा भरवसा नाही. गणपती ते दिवाळी कुणालाच उसंत नसते. उरतं काय, तर दिवाळीनंतर ते जानेवारी अखेर.

डिसेंबरच्या शेवटी परदेशातल्या मैत्रिणी येतात हे खरं, पण तेव्हा कॉलेजला नाताळची सुट्टी असते, म्हणजे ऑफिस बंद आणि किल्ल्या कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. त्यापेक्षा डिसेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा बरा. ६ डिसेंबरच्या आसपास महापरिनिर्वाण दिनाला दादरला प्रचंड गर्दी असते, तो वीकेंड टाळा. जानेवारीचा तिसरा रविवार मुंबई मॅरेथॉनचा, कॉलेज चर्चगेट, मरीन लाइन्स, ब्रीच कँडी, गावदेवी असं कुठेही असेल तर सकाळी रस्ते बंद असतात आणि टॅक्सीवाला तुम्हाला भलतीकडे उतरवतो.

आणि कॅलेंडर उघडून संकष्टी बघा. हे कुणी सांगत नाही. शनिवारी संकष्टी आली की निम्म्या जणींचा उपवास, चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास, आणि तुम्ही मोठ्या हौसेने सांगितलेली बिर्याणी तशीच पडून. दुसरी तारीख शक्यच नसेल तर साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी वेगळी सांगून ठेवा.

ग्रुपवर पोल टाकताना दोनच तारखा द्या. पाच दिल्यात तर सहावी सुचवणारी निघतेच.

२. मैत्रिणी शोधणं

मुलींच्या कॉलेजचा हा खास त्रास आहे, मुलांच्या कॉलेजवाल्यांना कळणारच नाही. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, आणि काही घरांत तर नावसुद्धा बदलायचे, त्यामुळे हजेरीच्या कॅटलॉगमधली सुनीता आज फेसबुकवर भलत्याच नावाने बसलेली असते आणि प्रोफाइलला फोटो नातवाचा. आडनावाने शोधून काही हाती लागत नाही.

मग शोधायचं कसं? पहिलं, माहेरचा पत्ता. गिरगाव, दादर, पार्ले, डोंबिवली इथल्या जुन्या सोसायट्यांमध्ये अजून भाऊ-वहिनी राहत असतात, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली असली तरी सोसायटीचे सेक्रेटरी नंबर देतात. दुसरं, ट्रेनचा ग्रुप. माझा अनुभव असा की वर्गातल्या ग्रुपपेक्षा डब्यातला ग्रुप जास्त टिकतो. पश्चिम रेल्वेची लेडीज स्पेशल १९९२ साली चर्चगेट-बोरिवली मार्गावर सुरू झाली, त्यानंतरच्या बॅचेसमध्ये तर त्या गाडीच्या मैत्रिणी अजून एकमेकींच्या मुलांच्या लग्नांना जातात, तेव्हा प्रत्येक लाईनवरच्या एकीला पकडा आणि तिला तिच्या लाईनचं काम द्या, वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर. तिसरं, कॉलेज. कॉलेज तुम्हाला कुणाचा फोन नंबर देणार नाही आणि देऊही नये, पण जुन्या रजिस्टरवरून वर्गाची नावांची यादी मिळू शकते, विनंती अर्ज करून.

एक गूगल शीट बनवा. कॉलम एवढे पुरे: माहेरचं नाव, आत्ताचं नाव, डिव्हिजन, रोल नंबर आठवत असेल तर, राहण्याचं ठिकाण, फोन, व्हेज-नॉनव्हेज-जैन, आणि जिना चढता येतो का. शेवटचा कॉलम हसण्यावारी नेऊ नका, गुडघे सगळ्यांचे आपल्याच वयाचे आहेत.

काय विचारायचं नाही, तर नवऱ्याचं नाव. मी पाहिलेल्या एका फॉर्ममध्ये "पतीचे नाव व व्यवसाय" असा रकाना होता आणि तो भरावा लागेल म्हणून एकीने फॉर्मच भरला नाही. कुणाचा घटस्फोट झालेला असतो, कुणाचा नवरा गेलेला असतो, कुणी लग्नच केलेलं नसतं. ज्यांना सांगायचंय त्या तुम्हाला दोन मिनिटांत स्वतःहून सगळं सांगतील.

शोधताना काही जणी आता नाहीत हेही कळणार. ते ग्रुपवर धाडकन टाकू नका. आधी घरच्यांकडून खात्री करा, मग तिच्या जवळच्या मैत्रिणीला फोन, मग बाकीच्यांना.

३. कॉलेजची परवानगी

बऱ्याच कॉलेजांमध्ये माजी विद्यार्थिनी संघ असतो, पत्र त्यांच्यामार्फत प्राचार्यांना द्या, थेट गेलात तर फाईल फिरत राहते. निदान तीन महिने आधी. आणि दबकत मागू नका, कारण कॉलेजलाही तुम्ही हव्या असता. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा मुद्दा असतो, त्यासाठी कॉलेजला कार्यक्रमाचे फोटो, सह्यांची हजेरी, छोटा रिपोर्ट असं सगळं लागतं. "आम्ही हे सगळं नीट करून देऊ, शिवाय आत्ताच्या मुलींसाठी तासभर करिअरवर बोलू" असं पत्रात लिहिलंत की काम पटकन होतं.

कॉलेजचं स्वतःचं मोठं वर्ष जवळ असेल तर तेही बघा, हॉल तेव्हा आधीच बुक असतात. एसएनडीटीची स्थापना १९१६ ची, सोफिया कॉलेज १९४० चं, अशा जुन्या संस्थांमध्ये सगळी मंडळी एकाच समारंभात गुंतलेली असतात आणि मग तुमच्या बॅचकडे बघायला कुणी नसतं.

स्पीकरचं लक्षात ठेवा. शाळा-कॉलेजांभोवतीचा भाग शांतता क्षेत्रात येऊ शकतो आणि उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री दहानंतर सहसा चालत नाही, त्यामुळे पटांगणात डीजे वगैरे डोक्यात असेल तर काढून टाका. हॉलमध्ये, दारं लावून, संध्याकाळी सातपर्यंत, एवढंच. ड्रोन शूटिंगचा नादही सोडा, मुंबईत त्याला पोलिसांची परवानगी लागते.

पत्र देतानाच हे विचारून घ्या: बाहेरचा केटरर चालतो का, नॉनव्हेज चालतं का, लिफ्ट शनिवारी सुरू असते का, कुठल्या मजल्यावरची टॉयलेट उघडी ठेवणार आणि त्यात कमोड आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो विचाराच. जुन्या इमारतींमध्ये सगळी भारतीय पद्धतीची असतात आणि साठीच्या बाईला ते जमत नाही, मग ती दिवसभर पाणीच पीत नाही.

४. पैसे

वर्गणी एकच ठेवा, दोन दिवसांची वेगळी वेगळी नको. ज्यांना परवडत नसेल त्यांनी फक्त तुम्हाला पर्सनल मेसेज करायचा आणि ते तुमच्यापाशीच राहील, हे ग्रुपवर स्पष्ट लिहा. थोड्या जणी आनंदाने जास्त देतात, त्यात ते भागतं. यूपीआय करताना नोटमध्ये माहेरचं नाव लिहायला सांगा, नाहीतर पैसे येतात "मिस्टरांच्या" खात्यातून आणि कुणाचे ते कळत नाही. केटररच्या कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय का, तेही आधी विचारा.

आता देणगीचा खरा घोळ. रियुनियनला भावना उचंबळून येतात आणि अमेरिकेतली मैत्रीण म्हणते मी लायब्ररीला पैसे देते. ती अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ते विदेशी योगदान धरत नाहीत. पण तिने तिकडचा पासपोर्ट घेतला असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरीही, तर ते विदेशी योगदान होतं, मग पैसे रुपयात दिले तरी, आणि ज्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आहे तिलाच ते घेता येतं, तेही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यात. त्यामुळे "माझ्या खात्यात टाक, मी कॉलेजला देते" असला उपद्व्याप अजिबात करू नका. कॉलेजच्या अकाउंट्स विभागाला सरळ विचारा.

इथल्या मैत्रिणींना ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळवायची, पावती हवी असेल तर दोन हजारांच्या वरची रक्कम रोख देऊ नका, रोख दिलेल्या मोठ्या देणगीवर सूट मिळत नाही. आणि ती सूट जुन्या कर पद्धतीतच आहे.

५. शनिवार: कॉलेजमध्ये

सकाळी दहाला बोलवा, साडेअकराला सुरू होईल असं धरा. मधल्या दीड तासात गेटपाशी जे काही चालतं, ओरडणं, मिठ्या, "अगं तू ओळखलंच नाहीस ना मला", तोच अर्धा कार्यक्रम आहे, त्याला माईकवरून हाकलू नका. चहा आणि बटाटेवडे तिथेच ठेवा.

बॅजवर माहेरचं नाव मोठ्या अक्षरात, आत्ताचं खाली लहान. अक्षर खरंच मोठं हवं, कुणीच चष्मा लावून फोटोत येत नाही.

हजेरीचा तास. माझ्या मते सगळ्यात चांगला आयटम हाच आणि खर्च शून्य. जुन्या वर्गात बाकांवर बसायचं, शिकवलेल्या एखाद्या मॅडम येऊ शकत असतील तर त्यांनी, नाहीतर वर्गाच्या सीआरने (वर्ग प्रतिनिधीने), रोल नंबरप्रमाणे लग्नाआधीच्या नावाने हजेरी घ्यायची. आमच्याकडे पहिली दोन-तीन नावं हशात गेली, कुणीतरी मागून प्रॉक्सीपण मारली, मग हळूहळू वर्ग शांत झाला. कित्येक जणींचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, कैक वर्षांत कुणी मोठ्याने घेतलेलंच नव्हतं. एक जण "यस मिस" म्हणून उभीच राहिली आणि बसायचं विसरली. गेलेल्या मैत्रिणींचं नावही त्याच क्रमात घ्या, सगळ्या वर्गाने मिळून "प्रेझेंट" म्हणायचं. वेगळी श्रद्धांजली, दोन मिनिटं स्तब्धता, फोटोला हार, यातलं काही लागत नाही.

सत्कार. मॅडमना घरून आणायला आणि पोचवायला गाडी ठेवा, त्यांच्यासोबत येणाऱ्या मुलीचं किंवा केअरटेकरचं जेवण धरा, आणि सत्कार आल्या आल्या उरका. ऐंशीच्या पुढच्या बाईंना तीन तास पहिल्या रांगेत ताटकळत ठेवणं हा मान नव्हे. शाल-श्रीफळाचे त्यांच्याकडे ढीग असतात, त्यापेक्षा प्रत्येकीने दोन ओळी लिहिलेली वही द्या. ऑफिसातल्या क्लार्क मॅडम, लायब्ररीतले शिपाई काका, हॉस्टेलच्या मावशी यांना विसरू नका, फी उशिरा भरली तेव्हा सांभाळून घेणारी माणसं हीच होती.

ग्रुप फोटो जेवणाआधी. जेवणानंतर साड्या चुरगळतात, लिपस्टिक जाते, आणि कल्याणच्या पुढच्या निघायच्या गडबडीत असतात.

जेवणानंतर खेळ. तंबोला सगळ्यात सेफ, बसून खेळता येतो आणि खेळता खेळता बोलता येतं. अंताक्षरी चालते पण तिला थांबवायला खमकी बाई लागते. फुगडी आणि मंगळागौरीचे खेळ जमिनीवर चटई अंथरून आणि ज्यांना जमेल त्यांनीच, आग्रह करायचा नाही, गिरकी घेताना तोल गेला तर पुढचा दिवस ऑर्थोपेडिककडे. फॅशन शो शक्यतो नकोच, त्यात नेहमीच्या चार जणी पुढे आणि बाकीच्या टाळ्या वाजवतात. रंगाचा ड्रेसकोड ठेवायचा तर एकच सोपा रंग सांगा. टी-शर्ट छापणार असाल तर बायकांच्या मापाचे लहान येतात, एक साइझ वरचा मागवा आणि मोठे थोडे जास्तच घ्या.

जानेवारीत कार्यक्रम असला की हळदी-कुंकू करूया असं कुणीतरी म्हणणारच. नको. ज्यांचे नवरे गेलेत त्या मागे सरकतात, कुणी म्हणतं "अगं आम्ही मानत नाही, तू पण घे", आणि ते जास्तच अवघड होतं. तिळगूळ आणि गजरा सगळ्यांना, दारातच, विषय संपला.

नवरे आणि मुलं शनिवारी नकोत. फोन येतच राहतात, "दुधाची पिशवी कुठेय", तेवढं पुरे.

६. रविवार: बाहेर

आधी मेगाब्लॉक बघा, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल कधी बंद ठेवणार ते. सेंट्रल आणि हार्बरवर जवळपास दर रविवारी असतो, वेस्टर्नवर जंबो ब्लॉक, साधारण सकाळी दहा-अकरा ते दुपारी तीन-चार, आणि नेमकं वेळापत्रक एक-दोन दिवस आधीच कळतं. म्हणून रविवारचा कार्यक्रम सकाळी लवकर सुरू करा आणि जेवण लांबवा, ब्लॉक संपेपर्यंत. मेट्रो तीन आता आरेपासून कफ परेडपर्यंत आहे, चर्चगेटला स्टेशन आहे, विमानतळावरून येणाऱ्यांना आणि सीप्झ-अंधेरी भागातल्यांना ती सांगा.

साडेसातला ओव्हल मैदान. एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारती, २०१८ साली हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आपण रोज तिथून धावत लेक्चरला गेलो आणि वर मान करून बघितलं नाही. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून झाला आणि नाव त्यांच्या आईचं, हे वाचून गेलेली एक मैत्रीण असली तरी पुरे, महागडा गाइड लागत नाही. तिथून १९३८ चं इरॉस थिएटर, मग मरीन ड्राइव्हचा कट्टा. सपाट रस्ता, बसायला जागा, पाहिजे तिथून टॅक्सी.

एलिफंटाची टूम कुणीतरी काढतंच. लाँचमध्ये तासभर, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, ऊन, माकडं. ज्यांना जायचंय त्यांनी वेगळ्या दिवशी जावं, सोमवार सोडून, सोमवारी लेणी बंद असतात.

जेवण कॉलेजच्या दिवसांतल्या एखाद्या इराण्याकडे किंवा गिरगावातल्या मराठी खानावळीत, पण एवढ्या जणींसाठी टेबल आधी सांगून ठेवा आणि रविवारी चालू आहे का तेही. जुन्या आठवणीतल्या निम्म्या जागा बंद झाल्यात.

७. सोबत ठेवायचं

प्राचार्यांच्या सहीचं परवानगीपत्र छापील, दोन प्रती, कारण गेटवरचा वॉचमन व्हॉट्सऍपवरचं मानत नाही. गेटसाठी नावांची यादी, आत्ताच्या नावाने, कारण आधार कार्डवर तेच असतं, आणि बॅजची यादी माहेरच्या नावाने, दोन्हींची गल्लत झाली की गेटवर अर्धा तास गेला. फोटोग्राफर आणि केटररच्या मुलांची नावं, मुलींच्या कॉलेजात ती मागतातच. केटररचा एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर, हॉलच्या पावत्या. सेफ्टी पिना भरपूर, सुईदोरा, क्रोसिन, बाम, ओआरएस, एक्स्टेंशन बोर्ड, मार्कर, सेलोटेप, सुटे पैसे. जवळच्या हॉस्पिटलचा नंबर आणि कुठली मैत्रीण डॉक्टर आहे ते.

८. नंतरचं

हिशोब आठवड्याच्या आत ग्रुपवर टाका, पावत्यांच्या फोटोंसकट, उरलेल्या पैशांचं काय ते तेव्हाच ठरवा. कॉलेजला रिपोर्ट आणि हजेरीची प्रत. फोटो ड्राइव्हवर ठेवा, फेसबुकवर टाकायच्या आधी विचारा, सगळ्याच जणींना आपण कुठे होतो ते नातेवाइकांना कळायला हवं असतं असं नाही. राहिलेले छत्र्या, चष्मे, डबे यांचा एक फोटो काढून ग्रुपवर टाका आणि महिनाभरात नेले नाहीत तर कॉलेजच्या मावशींना देऊन टाका. आणि पुढच्या वेळी कोण करणार हे ग्रुप फोटोच्या रांगेत उभ्या असतानाच ठरवून घ्या, घरी पोचल्यावर कुणी फोन उचलत नाही.